सहावा गोल

ऑगस्टात वीबका हार्म्सेन मागच्या खोलीत राहायला आली.
दोन बॅगा, स्वतःची उशी,
आणि जर्मन वर्तमानपत्रात गुंडाळलेले बुटांचे तीन जोड.
तिकडेही दुसऱ्या लीगमध्येच खेळायची.
"दुसरीतून उठून दुसरीतच?" मी म्हटलं.
खिडकीपाशी गेली. धक्क्याच्या पलीकडे राखाडी पाणी.
"समुद्र तोच आहे," म्हणाली, "मी फक्त बाजू बदलली.
हाफटाइमनंतर बदलतात तशी."

घांग्रेकर हे आडनाव तिच्या तोंडात घ पाशीच अडायचं.
महिनाभर मी फ्राऊ गांग होते,
मग नुसती फ्राऊ.

चहा मात्र तिला कळायचा.
कपात आधी खडीसाखर, त्यावर कोरा कडक चहा,
कडेकडेने साय सोडायची
आणि ढवळायचं नाही.
मी चमचा उचलला की माझा हात धरायची.

ग्रिम्स्बीत शनिवारी पुरुषांची मॅच,
रविवारी त्यांनी उखणून ठेवलेल्या त्याच मैदानावर यांची.
प्रेक्षक दोनशे सत्तर, कुत्री सोडून.
कप्तान ब्रॉनी रात्री अ‍ॅम्ब्युलन्स चालवून यायची,
गोलकीपर इफेओमा शाळेत भूगोल शिकवायची,
आणि वीबका पहाटे चारला शीतगृहात
हॅडकच्या पेट्या मोजायची.
तिच्या केसांचा वास मला सवयीचा झाला.

ऑफसाइड तिने मला मिसळणाच्या डब्यातून शिकवला.
मोहरी त्यांची स्ट्रायकर. हळद आमची शेवटची.
चेंडू सुटायच्या आधी मोहरी हळदीच्या पुढे गेली
की निशाण वर.
"आणि तू कोण?"
"हळद. सगळ्यांच्या कपड्यांना लागते."

नोव्हेंबरात दक्षिणेकडचा एक श्रीमंत संघ आला,
त्यांच्या बसला स्वतःचं स्वयंपाकघर होतं.
अर्ध्या तासात तीन. मग चौथा. मग पाचवा, इफेओमाच्या पायांमधून.
लोक उठून गाडीच्या किल्ल्या शोधू लागले.
एकोणनव्वदाव्या मिनिटाला चेंडू रिकाम्या गोलकडे निघाला, सावकाश,
जणू त्यालाही कंटाळा आला होता,
आणि वीबका कुठून तरी घसरत आली,
रेषेवरून त्याला लाथ घातली, खांबावर आदळली.
टाळी एकच वाजली. माझी नव्हती.

रात्री न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून
ती मांडीतली खडी चिमट्याने काढत होती.
मी म्हटलं, अगं, पाच झालेच होते,
सहावा झाला असता तर काय बिघडलं असतं?
तिने वर पाहिलं नाही.
एकेक खडा बशीत टाकत राहिली, टक, टक.

मग हिवाळा. त्यातलं फारसं सांगण्यासारखं नाही.
दोन सामने गोठले, एक धुक्यात अर्ध्यावर थांबला,
फेब्रुवारीत ब्रॉनीचा गुडघा गेला,
स्वतःच्याच अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी तिला उचललं.
मार्चमध्ये आम्ही एकदा जिंकलो
तर बेकरीवाल्याने पावाचे पैसे घेतले नाहीत.
'आम्ही' कधी म्हणायला लागले, आठवत नाही.

मे. शेवटचा रविवार. हरलो, शून्य-दोन.
मैदानाच्या मधोमध एका फोनभोवती सगळ्या गोळा,
तिकडे दुसऱ्या गावात अजून चार मिनिटं बाकी.
इतकी शांतता की कोपऱ्यातलं निशाण फडफडताना ऐकू येत होतं.
तेही हरले.
गुण सारखे, एकोणीस. गोलफरक त्यांचा उणे बावीस,
आमचा उणे एकवीस.
आणखी एक खाल्ला असता तर बरोबरी,
आणि बरोबरीत ते वर, कारण त्यांनी गोल जास्त केले होते.
इफेओमाने हे बोटांवर दोनदा मोजलं.
मग कुणीतरी किंचाळलं, मग सगळ्याच.
हरलेल्या पोरी एकमेकींवर उड्या मारत होत्या
आणि जिंकलेला संघ बघत उभा होता.

घरी आल्यावर मी नोव्हेंबरातलं माझं वाक्य
परत घ्यायला तोंड उघडलं,
तर तिने कप पुढे केला. तिसरा.
तिच्या गावी तिसरा कप नाकारत नाहीत.
मी ढवळला नाही.

मांडीवर तो व्रण अजून आहे, आपल्या खेडच्या नकाशासारखा वेडावाकडा.
खोलीचं भाडं तिने जुलैपर्यंतचं दिलंय.
पुढचं आम्ही दोघींनी काढलेलं नाही.